लंडनला हायगेटच्या दफनभूमीत फिरायला जावं का? (आई-बाबा सोबत)

अवनी_ठाणे
ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन दहा दिवस लंडनला जातेय. भावाकडे उतरणार. बिग बेन, टॉवर ब्रिज, म्युझियम हे ठरलेलं आहेच. एक रविवार मोकळा आहे आणि वहिनी म्हणते, हायगेट सेमेटरीला जाऊ. जंगलात फिरल्यासारखं वाटतं, तेव्हा पानंही पिवळी झालेली असतात, लोक मुद्दाम चालायला येतात. तिने फोटो पाठवले. खरंच सुंदर आहे. आयव्हीच्या वेलींनी गिळलेले दगडी देवदूत, मधून मातीची पायवाट.

आईला दाखवले. तिने चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिले आणि म्हणाली, "एवढं विमानाचं तिकीट काढून मसणात जायचं?" बाबा काहीच बोलले नाहीत. म्हणजे त्यांना जायचंय.

तर जाणकारांनो, बाबा ७२ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, चढ झेपेल का? आणि मुळात असं हिंडायला जाणं बरं दिसतं का? तिथे अजूनही दफन होतं म्हणे.

चहाबाज
आईंना +१.

थेम्सकाठ
मी उत्तर लंडनमध्ये अकरा वर्षं राहतो, दर पाहुण्याला तिथे नेतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

बरं दिसतं का, हा प्रश्न ही दफनभूमी उघडली तेव्हा, १८३९ मध्येच निकालात निघालाय. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत लंडनची वस्ती दहा लाखांवरून तेवीस लाखांच्या वर गेली. मेलेली माणसं मात्र त्याच जुन्या चर्चच्या आवारात पुरत होते. नवा खड्डा खणायला घेतला की जुनी हाडं वर यायची. त्यात कॉलरा, आणि रोग दुर्गंधीतून पसरतो अशी तेव्हाची समजूत. शेवटी पार्लमेंटने खासगी कंपन्यांना गावाबाहेर दफनभूमी काढायला परवानग्या दिल्या. १८३३ ते १८४१ मध्ये अशा सात निघाल्या: केन्सल ग्रीन, वेस्ट नॉरवुड, हायगेट, ॲबनी पार्क, ब्रॉम्प्टन, ननहेड आणि टॉवर हॅम्लेट्स.

कंपनी म्हटल्यावर गिऱ्हाईक आलं. लंडन सेमेटरी कंपनीने हायगेटच्या टेकडीचा उतार घेतला, वळणावळणाचे रस्ते काढले, झाडं लावली, इजिप्शियन थाटाची कमान उभारली. लोकांनी रविवारी चांगले कपडे घालून यावं, फिरावं आणि जाताना 'आपल्यालाही इथेच जागा घेऊन ठेवू' म्हणावं, असा हिशेब. घोडबंदर रोडवर सँपल फ्लॅट दाखवतात त्यातलाच प्रकार. तेव्हा आईंना सांगा, तुम्ही फिरायला गेलात तर जागा ज्या कामासाठी बांधली त्याच कामाला येईल.

चहाबाज
सँपल फ्लॅट =)) पझेशन मात्र वेळेवर!

हिरवी_मिरची
अवनी, चढाचं मी सांगते. ट्यूबचं हायगेट स्टेशन घेऊ नकोस, नावाला फसतात सगळे. आर्चवेला उतर. तिथून हायगेट हिल चढून वॉटरलो पार्कमध्ये शिरायचं आणि बागेतून आडवं खाली आलं की दफनभूमीचं फाटक. स्वेन्स लेन नावाचा रस्ता मधून जातो, त्याच्या एका बाजूला पश्चिम भाग, दुसऱ्या बाजूला पूर्व भाग. हा रस्ता खालून चढत येऊ नका, पर्वतीची आठवण होते.

पूर्व भागात मुख्य वाट डांबरी आहे, बाबांना काही त्रास नाही. पश्चिम भाग जुना आणि खरा देखणा, पण चढउतार, झाडांची मुळं, ओली पानं. काठी असेल तर न्या. तिकीट आहे. मी गेले तेव्हा दोन्ही बाजूंचं मिळून दहा पौंड होतं. पूर्वी पश्चिमेला गाइडशिवाय सोडत नसत, आता नकाशा घेऊन आपापलं फिरता येतं.

खडूस_आजोबा
सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून बोलतो. १८३९ मध्ये कंपनीला काय हवं होतं याच्याशी आपल्याला काय करायचंय? धागाकर्तीने विचारलंय, बरं दिसतं का. मला नाही दिसत. वडिलांना वैकुंठ स्मशानभूमीत नेलं तेव्हा बाहेर दोन पोरं मोबाइल धरून उभी होती. कशाचा फोटो काढत होती कुणास ठाऊक, पण अजून डोक्यातून जात नाही. आणि इथे तर तिकीट लावून आत सोडतात. कुणाची तरी आई तिथे असते हो.

थेम्सकाठ
आजोबा, तुमचा मुद्दा मान्य. तिथे अजून दफन होतं, नव्या कबरींवर ताजी फुलं असतात. अंत्यविधी चालू असेल तर त्या बाजूला जायचं नाही, कॅमेरा खाली. हे पाळणारे बरेच, न पाळणारे थोडे.

पण तिकिटाबद्दल थोडं. कंपनी १९६० मध्ये बुडाली. दफन घेणाऱ्या धंद्याचं गणितच असं की जागा भरत आली की उत्पन्न आटतं आणि झाडलोट मात्र कायमची. सिकॅमोर आणि ॲशची झाडं आपोआप उगवली, त्यांच्या मुळांनी थडगी उचकटली, चोरट्यांनी तळघरं फोडली. १९७० च्या सुमारास तर तिथे व्हॅम्पायर आहे अशी आवई उठली आणि माणसं रात्री सुळे घेऊन भिंतीवरून उड्या मारून आत गेली. १९७५ मध्ये पश्चिम भाग बंद झाला. त्याच वर्षी आसपासच्या लोकांनी 'फ्रेंड्स ऑफ हायगेट सेमेटरी' मंडळ काढलं आणि कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाटा मोकळ्या केल्या. आज तिकिटावर मोठा खर्च भागतो. फिरणारे आले नसते तर त्या कुणाच्या तरी आईवर आज झाड पडलेलं असतं.

खडूस_आजोबा
हे ठाऊक नव्हतं. तरी सेल्फी नकोच.

ओंकार_९
सुळे म्हणजे व्हॅम्पायरचे का मारायला नेलेले?

थेम्सकाठ
मारायला नेलेले. लाकडी. हलके घ्या.

लालबागचा_चिवडा
मार्क्सचं कुणी बोललंच नाही! पूर्व भागात कार्ल मार्क्स आहे. १८८३ मध्ये वारला तेव्हा मोजून अकराएक माणसं होती म्हणतात. आधी आडवाटेला साधी कबर होती, १९५४ मध्ये हलवून मोक्याच्या जागी आणली आणि १९५६ मध्ये तो प्रचंड काशाचा चेहरा बसवला. खाली कामगारांना एक होण्याचं ते प्रसिद्ध आवाहन. तिथे उभं राहिलं की गिरणी संपातले मोर्चे आठवतात. डावीकडे कम्युनिस्ट पत्रकार क्लॉडिया जोन्स, जवळच दक्षिण आफ्रिकेतले वर्णभेदविरोधी नेते डॉ. युसुफ दादू, घराणं मूळचं गुजरातचं.

गंमत म्हणजे भांडवलशाहीचा शत्रू बघायला तिकीट काढावं लागतं.

मुळामुठा
आणि समोर तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर. म्हणजे मार्क्स अँड स्पेन्सर, तिथल्या प्रसिद्ध दुकानांचं नाव. लंडनमधला सगळ्यात जुना विनोद, प्रत्येक गाइड स्वतःचा म्हणून सांगतो.

शनिवारवाडा_६२
हायगेटला जाऊन फक्त मार्क्स बघून येणारे मराठी लोक पाहिले की हसू येतं. तिथून चालत वीसेक मिनिटांवर ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू आहे. इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह! श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलं, सावरकर १९०६ पासून तिथे राहिले. भिंतीवर निळी पाटी आहे. आज खासगी घर आहे, बाहेरूनच बघायचं. मार्क्स गेला १८८३ मध्ये, तात्याराव सावरकर जन्मले १८८३ मध्ये. यातून ज्याला जे समजायचं ते त्याने समजावं.

लालबागचा_चिवडा
यातून एवढंच समजतं की १८८३ मध्ये ३६५ दिवस होते.

शनिवारवाडा_६२
तुमच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. बंगालमध्ये डाव्यांनी ३४ वर्षं काय दिवे लावले ते

संपादक मंडळ
यापुढचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. धागा फिरण्याविषयी आहे. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे, तिथे कुणी तिकीट लावत नाही.

चहाबाज
नऊ! जेवून येईपर्यंत नऊ!

हिरवी_मिरची
दोघांनाही नेता येतं की. आम्ही एकाच सकाळी दोन्ही केलं आणि मधे बागेत डबा खाल्ला. कुणी उठून भांडलं नाही.

दादर_पारसी_कॉलनी
अवांतर, पण विषयाला धरून. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात ब्रुकवुड आहे. वॉटर्लू स्टेशनहून आगगाडी. तिथे पारशांची वेगळी जागा आहे आणि जमशेटजी टाटा तिथेच आहेत. १९०४ मध्ये ते जर्मनीत बाद नाउहाइमला वारले. तिकडे दोखमा (पारशांची मृतदेह ठेवायची विहीर) कुठला, म्हणून दफन. पुढे सून मेहेरबाई आणि मुलगा दोराबजीही तिथेच.

आणखी एक. या दफनभूमीसाठी १८५४ पासून खास आगगाडी धावायची, लंडन नेक्रॉपोलिस रेल्वे. शवपेट्यांनासुद्धा पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. नातेवाइकांना परतीचं तिकीट मिळायचं, पेटीला फक्त जाण्याचं. १९४१ मध्ये बॉम्ब पडून वॉटर्लूचं ते स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि गाडी बंद.

मुळामुठा
मेल्यावरही थर्ड क्लास. इंग्रजाला सलाम.

रंकाळा
कोल्हापूरकर म्हणून आमचं दुःख सांगतो. आमचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले. वय एकवीससुद्धा नव्हतं. दफन नाही, दहन. इटलीत तेव्हा ते कुणी बघितलेलंही नव्हतं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. संगम का, ते आपल्याला सांगावं लागत नाही. पुढे तिथे छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा, फेटा-दागिन्यांसकट. सकाळी लोक त्याच्या बाजूने धावायला जातात, कुत्री फिरवतात. मी गेलो तेव्हा एक म्हातारा बाकावर पेपर वाचत बसला होता. मला राग आला नाही. एकट्या पडलेल्या राजाला सोबत आहे असंच वाटलं. खडूस आजोबा, तुमच्या प्रश्नाला माझं हे उत्तर.

खडूस_आजोबा
वाचलं. दोनदा वाचलं.

शिवडीकर
लंडनपर्यंत कशाला, शिवडीला या. व्ही.टी. बांधणारा स्टीव्हन्स तिथे आहे, १९०० मध्ये गेला. गेटवेवाला विटेट १९२६ मध्ये, तोही तिथेच. अख्खी मुंबई या दोघांच्या इमारतींसमोर फोटो काढते, आणि ते कुठे झोपलेत ते विचारलं तर टॅक्सीवाला म्हणतो, टीबी हॉस्पिटलला जायचंय का? झाडं छान आहेत. आमच्याकडे मात्र 'फिरायला' आलो म्हटलं की राखणदार वरपासून खालपर्यंत बघतो.

ओंकार_९
+१. मी कॅमेरा घेऊन गेलो तर त्याने विचारलं, "कोण आहे तुमचं?" मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, "मग कशाला?" बरोबरच होतं त्याचं.

विजेचा_खांब
अहो, एवढे प्रतिसाद झाले आणि फॅरेडे राहिला! मायकेल फॅरेडे, विद्युतचुंबकीय प्रवर्तन (हलत्या चुंबकाने वीज निर्माण होणं), १८३१. ज्याच्यामुळे तुम्ही हे वाचताय. तोही हायगेटलाच, पश्चिम भागात. तो सँडेमनियन नावाच्या लहानशा पंथाचा, म्हणून चर्चने पवित्र केलेल्या जमिनीत नाही, वेगळ्या तुकड्यात. थोरामोठ्यांना पुरतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये जागा मिळाली असती, त्यानेच नको म्हटलं. दगडावर नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. एक पदवी नाही, एक शोध नाही. लोक शेजारून निघून जातात.

अवनी_ठाणे
थांबा थांबा!! बाबा एम.एस.ई.बी.तून निवृत्त झालेत. पोफळीच्या वीजगृहात चौदा वर्षं होते. हा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "परत वाच." जाणं ठरलं. आता फक्त आई.

स्वयंपाकीण
आईंना वॉटरलो पार्कात बसवा. तळं आहे, बदकं आहेत, बाकं आहेत. १८८९ मध्ये सर सिडनी वॉटरलो यांनी 'ज्यांना बाग नाही त्यांच्यासाठी बाग' म्हणून देऊन टाकलेली जागा. त्यांना म्हणा, तुम्ही बागेत बसा, आम्ही तासाभरात येतो. पंधरा मिनिटांत मागून येतात की नाही बघ. माझ्या सासूबाईंचं हेच झालं.

मुळामुठा
जाता जाता, पश्चिम भागात काय बघायचं ते कुणी नीट सांगितलंच नाही. इजिप्शियन ॲव्हेन्यू: दोन्हीकडे सुळक्यासारखे स्तंभ, कमळाच्या आकाराचे खांब, आत अंधारी चढती गल्ली आणि लोखंडी दारं. तिथल्या बंद तळघरांत गुहेतले दुर्मीळ कोळी सापडलेत. गल्लीतून वर आलात की सर्कल ऑफ लेबनॉन, जमिनीत खोदलेलं थडग्यांचं वर्तुळ. मधोमध एक देवदार होता, दफनभूमीच्याही आधीचा. त्याच्याभोवतीच हे सगळं खणलं होतं. आतून कुजल्यामुळे २०१९ मध्ये तो पाडावा लागला, आता नवं रोप आहे. मी जुना पाहिलाय. नव्याकडे बघवत नाही, पण पन्नास वर्षांनी कुणाला तरी बघवेल.

वाटेत जॉर्ज वॉम्बवेलच्या थडग्यावर झोपलेला सिंह, नीरो नावाचा. माणूस प्राण्यांचे खेळ गावोगाव नेणारा. टॉम सेयर्स नावाच्या मुष्टियोद्ध्याच्या पायाशी त्याचा कुत्रा. पूर्वेकडे पॅट्रिक कॉलफिल्ड या चित्रकाराचा दगड चुकवू नका. दगड आरपार कोरून चारच इंग्रजी अक्षरं काढलीत, अर्थ 'मेला'. बाकी काही नाही.

चहाबाज
पुणेरी पाटी!

अवनी_ठाणे
जाऊन आलो. वृत्तांत देते म्हटलं होतं, देते.

पाऊस नव्हता, पण सगळं ओलं होतं. हिरवी मिरचीने सांगितल्याप्रमाणे आर्चवेला उतरलो. आई तळ्यापाशी बाकावर बसली, पर्स मांडीवर, शाल घट्ट. आम्ही आत गेलो. स्वयंपाकीण ताई, पंधरा नाही, वीस मिनिटं. मागून वहिनीच्या हाताला धरून आई आली. "एकटीला थंडी वाजते तिथे," म्हणाली.

मग तिनेच वेळ लावला. आम्ही कमानी, देवदूत बघत होतो, ती दगड वाचत होती. इंग्रजी जेमतेम, पण आकडे कळतात. एका दगडावर पाच नावं. तीन मुलांची वयं: चार महिने, दोन वर्षं, सहा वर्षं. मग बाप. तळाला, बापानंतर एकतीस वर्षांनी, आई. माझी आई बोटाने दगडावरचं शेवाळ खरवडून त्या शेवटच्या तारखेशी बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "एवढी वर्षं ही दर रविवारी इथेच येत असणार. मग बाग नको तर काय?"

बाबांचा चढ काठीने निभावला. फॅरेडे भिंतीच्या कडेला सापडला, खांबसाहेब, तुम्ही म्हणालात तसाच. नाव आणि दोन तारखा. बाबांनी काठी माझ्याकडे दिली, भिंतीला टेकून बूट काढले आणि ओल्या पानांवर मोजे घालून उभे राहिले. आई मागून ओरडली, "अहो, मोजे भिजतील!" शेजारी एक इंग्रज जोडपं होतं. त्यांना काय वाटलं असेल माहीत नाही, पण त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली. फोटो काढला नाही. आजोबा, तुमच्यासाठी.

विजेचा_खांब
शब्द नाहीत. बाबांना माझा नमस्कार सांगा. पोफळी म्हणजे कोणती युनिटं?

अवनी_ठाणे
विचारून सांगते. आत्ता ते मोजे हीटरवर वाळवताहेत.

खडूस_आजोबा
आभार. नातू मँचेस्टरला आहे. पुढच्या वर्षी जाईन म्हणतो, तेव्हा हायगेटला एक फेरी टाकीन.

रंकाळा
आणि तिथून फ्लॉरेन्सला. विमानाचं बघा.

लालबागचा_चिवडा
मार्क्सकडे गेला होतात की नाही?

अवनी_ठाणे
गेलो. आई म्हणाली, "दाढी किती ती." सावरकरांची पाटीही पाहिली. तोवर अंधारून आलं होतं, त्यामुळे दोन मिनिटंच. क्रमाला अर्थ नाही, शनिवारवाडा, कृपया सुरू करू नका.

स्वयंपाकीण
घरी आल्यावर आंघोळ झाली का सगळ्यांची?

अवनी_ठाणे
आईने दारातच थांबवलं. भावाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, बॉयलर लहान. गरम पाणी बाबांपर्यंत पुरलं, वहिनीची थंड पाण्याने झाली. ती आता म्हणते, पुढच्या वेळी ब्रिटिश म्युझियमला जाऊ.

चहाबाज
तिथे ममी आहेत. पुन्हा आंघोळ.